डोक्याच्या मारानंतरचं घर

पत्र

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. घरची आंब्याची बाग आहे, साठेक कलमं. एप्रिलमध्ये तोड चालू असताना माझे यजमान (वय ४३) कलमावरून खाली कातळावर पडले. डोक्यात रक्ताची गाठ झाली. गोव्याला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. जीव वाचला, देवाची कृपा. डावा हात आणि डावा पाय कमजोर आहे. काठीशिवाय चालतात, पण पाय ओढत. फिजिओथेरपिस्ट कणकवलीहून येत होते, परवडेना म्हणून जूनपासून बंद केलं.

हातपाय राहू देत, पण हे ते राहिलेच नाहीत. उठवलं नाही तर दुपारपर्यंत पडून असतात. आंघोळीला दहा वेळा सांगावं लागतं. आत्ता सांगितलेलं लक्षात राहत नाही आणि वीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं. चिडतात, ताट फेकतात. मुलगी सहावीत आहे, ती घाबरून शेजारी जाऊन बसते. कोणा मित्राला मोबाइलवरून वीस हजार पाठवून दिले. विचारलं तर म्हणतात, मला काही झालेलं नाही, तूच मला वेडा ठरवतेस. बाइकची चावी मागतात. सासूबाई म्हणतात, ‘नाटकां करता तो, काम नको म्हणान.’ चुलत सासरे म्हणतात, राखणदाराचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, काहीतरी राहिलंय. आता गणपतीला पंधरा-वीस माणसं घरी येतील. कधी कधी रात्री वाटतं, उठावं आणि निघून जावं. जवळच्या काजू कारखान्यात मला कामाला बोलावलंय, पण यांना टाकून कशी जाऊ? हे पहिल्यासारखे होतील का? नाव-गाव छापू नका.

उत्तर

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. अगदी पहिल्यासारखे होतील असं मी म्हणणार नाही, आणि तसं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडून औषध घेऊ नका. पण आज आहेत तसेच राहतील, हेही खरं नाही. डोक्याच्या मोठ्या मारानंतर पहिल्या सहा महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो, दोन वर्षांपर्यंत ठळक फरक पडत राहतो आणि त्यानंतरही सावकाश का होईना पडतो. तुमचा आता पाचवा महिना चाललाय. त्यामुळे ‘पावसाळा जाऊ दे, मग बघू’ असं करू नका. जे करायचं ते याच आठवड्यात सुरू करू या. त्यातलं बरंचसं घरातच होणारं आहे.

आधी नाटकाचं. माणूस उंचावरून पडतो तेव्हा मेंदूचा कपाळामागचा भाग कवटीच्या खडबडीत हाडावर घासतो, आपटतो. या भागाची कामं वरून दिसत नाहीत. एखादी गोष्ट आपणहून सुरू करणं, जिभेवर आलेला शब्द आवरणं, पुढचा विचार करून पैसा हातात ठेवणं आणि ‘माझं काहीतरी बिघडलंय’ हे स्वतःचं स्वतःला कळणं, ही ती कामं. बागेतला पंप ठीक आहे, विहिरीत पाणी आहे, पाइपही फुटलेला नाही, स्टार्टर तेवढा जळलाय, तसं आहे हे. आंघोळ कशी करायची ते त्यांना येतं, ती सुरू करता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा आळसच वाटणार. सासूबाईंना तो वाटतो यात त्यांचा दोष नाही, पण त्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं. ते तुम्ही सांगू नका. सुनेच्या तोंडून ते ‘नवऱ्याची बाजू घेणं’ होतं. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा.

‘मला काही झालेलं नाही’ हे ते खोटं बोलत नाहीत. जखमेनं ती जाणीवच पुसलीय. म्हणून वाद घालून, पुरावे देऊन, वीस हजारांचा मेसेज दाखवून काही साधणार नाही. वादातून फक्त राग वाढतो आणि त्या रागाचं कारण ते दहा मिनिटांत विसरतात. तुम्ही मात्र विसरत नाही.

‘हे ते राहिलेच नाहीत’ असं तुम्ही लिहिलंत. १८४८ साली अमेरिकेत व्हर्माँटमध्ये रेल्वेच्या कामावरच्या फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंग ठासायची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण त्याचे मित्र अगदी तुमचंच वाक्य बोलायचे: हा आमचा गेज नाही. वैद्यकीय पुस्तकांत त्याची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. पुढचं फार कमी लोक सांगतात. हाच गेज नंतर चिलीत गेला आणि कित्येक वर्षं घोड्यांची टपाल-प्रवासी गाडी हाकत राहिला. रोज ठरलेल्या वेळी उठणं, ठरलेले घोडे जोडणं, ठरलेला रस्ता. त्याच्या आयुष्याचा नव्यानं अभ्यास करणाऱ्यांना वाटतं, की या ठरलेपणानंच त्याला पुष्कळसं सावरलं. माझंही मत तेच आहे. तुमच्या घरात आज सगळ्यात जास्त गरज आहे ती ठरलेल्या दिवसाची. आतला मुकादम सुट्टीवर गेलाय, तोवर बाहेर एक नेमायचा.

तो मुकादम तुम्ही व्हायचं नाही. दहा वेळा सांगणारी बायको हीच रागाची पहिली धनी होते. पडवीत, जाता-येता दिसेल अशी एक मोठी पाटी टांगा. त्यावर आजचा वार, तारीख आणि दिवसाची सहा-सात कामं वेळेसकट लिहा: उठणं, चहा, आंघोळ, व्यायाम, जेवण, झोप, संध्याकाळचा फेरा. शक्यतो ते त्यांच्याच उजव्या हातानं लिहून घ्या. झालेल्या कामावर त्यांनीच खूण करायची. मोबाइलवर प्रत्येक कामाचा गजर लावा. गजर वाजला की तुम्ही एवढंच म्हणायचं, ‘पाटी बघा.’ आंघोळीचे कपडे, टॉवेल, साबण रोज एकाच जागी, एकाच क्रमानं ठेवा. ‘आंघोळ करा’ हा मेंदूसाठी दहा कामांचा हुकूम आहे. ‘टॉवेल घ्या’ हे एक काम आहे. पहिलं काम हातून सुटलं की पुढची बरीचशी आपोआप होतात. दर तास-दीड तासानं अर्धा तास विश्रांती पाटीवरच लिहा. असा मेंदू फार लवकर दमतो आणि दमला की चिडतो. तुमचं लक्ष असेल तर दिसेल, ताटं बहुतेक संध्याकाळीच उडतात.

विसरण्याबद्दल एक गोष्ट घरच्या सगळ्यांना सांगा: परीक्षा घेऊ नका. ‘सांग बघू, सकाळी कोण आलेलं?’ असं विचारून माणूस आठवायला शिकत नाही. चुकीचं उत्तर मात्र तोंडात पक्कं बसतं, शिवाय चारचौघांत मान खाली जाते ती वेगळीच. उत्तर आपणच आधी द्यायचं: ‘सकाळी मामा आलेले, केळी देऊन गेले.’ थोड्या वेळानं तेच पुन्हा सांगायचं, मग जास्त वेळानं. त्यांच्या खिशात एक छोटी वही ठेवा. काही आठवेना की वही उघडायची, ही एकच सवय लागली तरी अर्धं काम झालं.

आता रागाचं. आठवडाभर तुमच्यासाठी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा: कधी चिडले, त्याआधी काय चाललेलं, भूक होती का, झोप झालेली का, टीव्ही चालू होता का, एकाच वेळी दोघं बोलत होते का. कारणं दोन-तीनच निघतात आणि त्यातली निम्मी टाळता येतात. राग चढायला लागला की आवाज खाली, वाक्य लहान, समजूत घालणं बंद, आणि तुम्ही खोलीबाहेर. कोयता, आकडी, फवारणीची औषधं आजच कुलपात टाका. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, आवर घालणारा भाग दुखावलाय म्हणून. तुमच्यावर किंवा मुलीवर हात उगारला तर सरळ शेजारी जा, त्यात लाज कसली? ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर शेजारणीकडेही असू द्या.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही. डोक्याच्या ऑपरेशननंतर फिट येऊ नये म्हणून बऱ्याच जणांना लेव्हेटिरासिटाम नावाची गोळी देतात. औषध चांगलं आहे, पण काहींना त्यानंच चिडचिड वाढते. तुमच्या चिठ्ठीवर ते नाव असेल तर डॉक्टरांना विचारा, बदलून दुसरं देता येतं. मात्र फिटची कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. झोप लागत नसेल, मन उदास असेल तर त्यावरही उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे.

बाइक नाही म्हणजे नाही. फिटचा धोका आहे. शिवाय क्लच डाव्या हाताचा आणि गिअर डाव्या पायाचा, हे त्यांना कोणीतरी शांतपणे दाखवून द्यायला हवं. डॉक्टरांकडून ‘पुढच्या तपासणीपर्यंत वाहन चालवू नये’ असं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पाटीशेजारी लावा. चावी लपवण्यापेक्षा बाइकच दिराकडे नेऊन ठेवा. समोर दिसली नाही की मागणं बरंच कमी होतं. त्याच कारणानं विहिरीच्या काठावर, समुद्रात, शिडीवर, झाडावर एकटं जाणं बंद. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, नव्यानं आलेली कमजोरी, यातलं काहीही दिसलं तरी १०८.

आणि खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, शेवाळ. पाय ओढणाऱ्या माणसाला सप्टेंबरातल्या कोकणी खळ्याइतकं धोकादायक दुसरं काही नाही. संडासाच्या वाटेवर ब्लिचिंग पावडर टाकून घासून घ्या आणि एका बाजूनं बांबूचा कठडा बांधून घ्या. डोक्याला दुसऱ्यांदा मार बसणं परवडणारं नाही.

फिजिओथेरपिस्टना रोज बोलवायची ऐपत नसेल तर महिन्यातून एकदा बोलवा. त्यांनी व्यायाम शिकवायचे, तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, रोज तो लावून करायचं. पावलासाठी एएफओ नावाचा स्प्लिंट लागेल का ते विचारा, त्यानं पाय ओढणं बरंच कमी होऊ शकतं. डाव्या हाताला धरून त्यांना कधी उठवू नका, खांदा निसटतो. तेल लावा, पण चोळून हात परत येत नाही. वापरून वापरूनच येतो. सुपात कुळीथ घ्या आणि खडे डाव्या हातानंच वेचायला सांगा. धुणं दोन्ही हातांनी पिळू दे. दिवसातून शेकड्यानं वेळा तीच हालचाल, तीही काहीतरी खरं काम म्हणून, हेच औषध. येत्या मार्चमध्ये तर तुमच्या घरीच अख्खी व्यायामशाळा उघडणार आहे. आंबा हातात तोलून लहान-मोठा वेगळा करणं, डझन मोजणं, पेटीत गवत घालून थर लावणं. यात हात आहे, नजर आहे, हिशोब आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे त्यांना आधीपासून येतं. म्हणून माझा सल्ला असा, की यंदा मोहोराची फवारणी आणि तोड करारानं द्या, वर्गवारी आणि पेट्या भरणं घरात ठेवा. अख्खी बाग करारावर देऊन टाकली तर पैसा येईल, पण त्यांच्या दिवसात काही उरणार नाही.

राखणदाराचं गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला. नारळ ठेवून घरातल्या म्हाताऱ्यांच्या जिवाला बरं वाटत असेल तर त्यात काही बिघडत नाही. फक्त डागणं नको, धुरी नको, कसलीही पूड पोटात नको, आणि ‘आता गोळ्या बंद करा’ असं कोणी म्हणालं तर त्याचा चहा संपवून त्याला वाटेला लावा.

गणपतीची मला खरी काळजी वाटते. ताशे, आरत्या, रात्रीची भजनं, तिन्ही खोल्यांत माणसं, आणि येणारा प्रत्येक जण दारातच विचारणार, ‘काय रे, माका वळाखलस?’ दुखावलेल्या मेंदूला एवढा गोंगाट गाळून घेता येत नाही. मुंबईकरांना निघायच्या आधीच फोन करून सांगा: आल्यावर आपलं नाव आपणच सांगायचं, एका वेळी एकानं बोलायचं, दारूचा थेंब द्यायचा नाही. रात्री पत्त्यांच्या डावात ‘एक घोट घे, काय होत नाही’ म्हणणारा एक तरी असतोच, आणि तेवढ्यानंही फिट येऊ शकते. एक खोली त्यांच्यासाठी बंद ठेवा, तिथे पाहुण्यांच्या बॅगा नकोत. आरतीला दहा मिनिटं बसले तरी पुरे. माटवीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीच्या सजावटीचं, काम मात्र त्यांना जरूर द्या. स्टुलावर चढून बांधणारा दुसरा असू दे. यांनी खाली बसून कवंडळं, हरणाची फुलं, आंब्याचे टाळ यांच्या जुड्या बांधायच्या. कुठल्या कोपऱ्यात काय जातं, हे त्यांना लहानपणापासून पाठ असणार. आणि आलेल्या चाकरमान्यांनी नुसतं हळहळायचं नाही. रोज दुपारी एकानं दोन तास त्यांच्याजवळ बसायचं, त्या वेळात तुम्ही झोपायचं. हे मागायला संकोच करू नका.

पैशांचं पटकन सांगते. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात थोडीच रक्कम राहू दे, बाकीची दुसऱ्या खात्यात. पूर्ण काढून घेऊ नका. खिशात शंभर-दोनशे रुपये नसलेल्या माणसाला घरात किंमत उरत नाही, असं त्यांना वाटेल. सातबारा, बँकेचे कागद कपाटात कुलपाखाली, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय सही नाही, हे दिरांना सांगून ठेवा.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाच्या दाखल्याची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डोक्याचा मार असा वेगळा प्रकार नाही, म्हणून नुसतं ‘हात-पाय’ सांगून येऊ नका. विसरणं, वागणं, बोलणं यात जे बदललंय तेही तपासायला सांगा, तुमचा तो आठवडाभराचा कागद दाखवा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर तहसीलदार कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचं विचारा. आणि दिवाळीनंतर कोणा नातेवाइकाकडे मुंबईत राहायची सोय होत असेल तर हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या केंद्र सरकारच्या संस्थेत एकदा दाखवून या. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्प्लिंट हे सगळं तिथे एका छताखाली बघतात.

पत्रात तुम्ही रात्रीबद्दल एक ओळ लिहून खोडलीत, पण ती वाचता येते. ताई, जखम झालीय म्हणून जबरदस्ती सोसायची, असं कुठेही लिहिलेलं नाही. मुलीजवळ वेगळं झोपा, आतून कडी लावा आणि हे डॉक्टरांना सांगा. समोर बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. हेही त्याच जखमेचं लक्षण आहे आणि डॉक्टरांनी ते अनेकदा ऐकलेलं असतं.

मुलीला खरं सांगा. सहावीतल्या मुलीला कळतं. ‘बाबांच्या डोक्याला लागलंय, त्यामुळे राग आवरत नाही, त्यात तुझी काही चूक नाही’ एवढं पुरे. शेजारी जाऊन बसते ते चांगलंच करते, तिला परत बोलावू नका. पण तिला बाबांची राखण करायला बसवू नका.

राहिलं काजू कारखान्याचं. जा. घरी बसून तुम्ही त्यांना जास्त बरं करणार नाही, नुसत्या जास्त दमाल. निघून जावंसं वाटतं ते त्या दमण्यातून. अर्ध्या दिवसाचं काम मिळतं का विचारा, सकाळचं. सकाळी त्यांचा मेंदू ताजा असतो, राग कमी असतो. आधी पंधरा दिवस पाटी चालू द्या. मग तुम्ही शेजारच्या घरात एक तास जाऊन बसा, त्यांना पाटीवर सोडा, आणि घरी काय झालं ते सासूबाईंना विचारा. मग दोन तास. गॅस बंद, औषधं कुलपात, घरात एक मोठं माणूस, एवढं असलं की सकाळचे चार तास निभतात. सासूबाई कुरकुरतील. त्यांना सांगा, पगारातले पहिले पैसे फिजिओथेरपिस्टचे.